आकडा एक, रूपं अनेक : मातीतल्या सेलेनियमचा हिशोब

शेगाव तालुक्यातली ती गोष्ट अजून कुणी विसरलेलं नाही. डिसेंबर २०२४ पासून बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस गळू लागले. आधी डोकं खाजायचं, मग विंचरताना हातात केसांचा पुंजका यायचा आणि तीन-चार दिवसांत डोक्याचा चकोट व्हायचा. जानेवारी २०२५ संपेपर्यंत १८ गावांत मिळून २७९ जणांची नोंद झाली. त्यात शाळकरी पोरं होती, कॉलेजात जाणाऱ्या मुली होत्या, लग्नाच्या वयाची तरुण मंडळी होती. डोक्याला रुमाल बांधून घरात बसायची पाळी त्यांच्यावर आली.

सगळ्यांचा संशय आधी गेला तो पाण्यावर. ते साहजिकच होतं. हा भाग खारपाणपट्ट्यातला. पाणी तपासलं तर त्यात क्षार आणि नायट्रेट जास्त निघाले. पण मचूळ पाणी तर इथं आजा-पणजापासून पीत आलेत. तेव्हा केस गेले नाहीत, मग आत्ताच कसे गेले? हा प्रश्न काही सुटेना.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एक वेगळंच उत्तर पुढं आलं. विंचूदंशावरच्या उपचारांसाठी जगभर नाव असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या गावांतून रक्ताचे, लघवीचे, केसांचे आणि रेशनच्या गव्हाचे नमुने नेऊन तपासून घेतले होते. माणसांच्या शरीरात सेलेनियम नावाचं द्रव्य कितीतरी पटींनी वाढलेलं आणि जस्त घटलेलं आढळलं, असं त्यांनी सांगितलं. रेशनच्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघालं. तोच गहू धुऊन तपासला तर १३.६१. त्यांनी तुलनेसाठी दिलेला नेहमीचा आकडा होता १.९. हा गहू बाहेरून, पंजाब-हरियाणाकडून आलेला असल्याचं त्यांनी म्हटलं.

त्यानंतर एका गावात पारावर बोलणं निघालं तेव्हा एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मृदा आरोग्य पत्रिका पुढं धरून मला विचारलं, "भाऊ, या कार्डावर नत्र-स्फुरद-पालाश हाये, जस्त हाये, लोखंड हाये. मंग हे सेलेनियम काऊन नाही? अन् आपल्या वावरात ते किती हाये, हे कोन सांगन?"

प्रश्न अगदी सरळ. उत्तर मात्र तितकं सरळ नाही. कारण मातीत सेलेनियम "किती" आहे एवढंच मोजलं तर कधीकधी फसगत होते. ते "कोणत्या रूपात" आहे हे मोजावं लागतं. आजचा लेख त्याच मोजणीबद्दल आहे.

थोडं औषध, जास्त विष

सेलेनियमचा शोध स्वीडनच्या बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञानं १८१७ मध्ये लावला. ग्रीक चंद्रदेवीच्या नावावरून त्याला हे नाव मिळालं. नात्यानं ते गंधकाचं चुलतभावंड. रसायनशास्त्राच्या तक्त्यात गंधकाच्या बरोबर खाली बसतं. हे नातं ध्यानात ठेवा, कारण पुढची बरीच भानगड या नात्यातूनच होते.

माणसाला सेलेनियम लागतं, पण अगदी चिमूटभरही नाही. मोठ्या माणसाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाचे पंचावन्न भाग. ४०० मायक्रोग्रॅमच्या वर रोज जाऊ नये अशी मर्यादा सांगतात. गरज आणि धोका यांत इतकं कमी अंतर असणारी अन्नद्रव्यं फार थोडी.

आता हिशोब करून पाहू. किलोला १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम असलेला गहू एखाद्या माणसानं दिवसाला ३०० ग्रॅम खाल्ला, म्हणजे साधारण सात-आठ पोळ्या, तर त्याच्या पोटात ४३५६ मायक्रोग्रॅम सेलेनियम गेलं. मर्यादेच्या जवळजवळ अकरा पट. शेतात राबणाऱ्या माणसाला सात-आठ पोळ्या काही जास्त नाहीत. सेलेनियम अंगात वाढलं की पहिला घाव केसांवर आणि नखांवर पडतो. श्वासाला लसणासारखा वास येऊ लागतो. शेगावकडं केसांनंतर काही महिन्यांनी नखं खराब होऊन गळाल्याच्या बातम्याही आल्याच होत्या.

गोऱ्यांच्या मुलखातला खारपाणपट्टा

गंमत अशी की, पाण्यावर संशय घेण्याची चूक आपणच पहिल्यांदा केली असं नाही. अमेरिकेत मिसुरी नदीकाठी फोर्ट रँडल नावाची लष्करी छावणी होती. तिथल्या मॅडिसन नावाच्या लष्करी डॉक्टरनं १८५६ सालची हकीकत लिहून ठेवली आहे. छावणीच्या घोड्यांची आयाळ आणि शेपटीचे केस गळाले, खूर सुजले, फुटले, गळून पडले. पुढं त्या भागात वस्ती करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गुरांनाही तेच होऊ लागलं. तिथलं पाणीही खारट. लोकांनी निष्कर्ष काढला की हा खाऱ्या पाण्याचाच प्रताप. रोगाचं नावही "अल्कली डिसीज", म्हणजे क्षाराचा रोग, असं पडून गेलं.

१९३० च्या दशकात साउथ डकोटाच्या शेती संशोधकांनी त्याच भागातलं धान्य जनावरांना घालून पाहिलं, तेव्हा दोष पाण्याचा नसून धान्याचा असल्याचं उघड झालं. विष होतं सेलेनियम. जमिनीतून गव्हात, मक्यात, गवतात चढलेलं. सत्तर-ऐंशी वर्षं लोक पाण्याला शिव्या देत राहिले आणि जनावरं मात्र दावणीवरचा दाणा खाऊन मरत राहिली.

सेलेनियम म्हणजे नुसतं विष नव्हे, ते शरीराला लागतंही, हे कळायला पुढं १९५७ साल उजाडावं लागलं.

जास्त असून निर्दोष, कमी असून घातक

अमेरिकेतल्या त्या शोधानंतर शास्त्रज्ञ ठिकठिकाणची माती तपासायला लागले. सोपा कायदा त्यांना हवा होता : मातीत सेलेनियम अमुक इतकं असलं की धान्य विषारी. पण मातीनं हा कायदा मानला नाही.

हवाई बेटांवर काही तांबड्या जमिनींत ६ ते १५ पीपीएम सेलेनियम निघालं. एक पीपीएम म्हणजे एक किलो मातीत एक मिलिग्रॅम. एका एकराचा वरचा अर्धा फूट थर साधारण नऊ लाख किलोचा धरतात. म्हणजे १ पीपीएमला एकरी नऊशे ग्रॅम झाले. जगातल्या मातीचं सरासरी प्रमाण अर्ध्या पीपीएमच्याही आत. त्या मानानं हवाईची माती म्हणजे सेलेनियमचं कोठारच. पण तिथल्या झाडपाल्यात विष नाही आणि जनावरांना रोगही नाही.

याउलट आपल्या पंजाबात. नवांशहर, म्हणजे आजचा शहीद भगतसिंग नगर जिल्हा, आणि होशियारपूर या पट्ट्यात जैनपूर, बरवा, सिंबली अशी काही गावं आहेत. शिवालिक टेकड्यांतून पावसाळ्यात वाहत येणाऱ्या ओढ्यांनी, ज्यांना तिकडं "चो" म्हणतात, तिथं गाळ आणून टाकला आहे. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातले के. एस. ढिल्लों आणि एस. के. ढिल्लों यांनी या जमिनींचा अनेक वर्षं अभ्यास केला. माती तपासली तर सेलेनियम ५ पीपीएमच्या आतच, कित्येक ठिकाणी त्याहून बरंच कमी. पण म्हशींचे खूर गळाले, शिंगं वेडीवाकडी वाढली, आणि तिथलंच धान्य खाणाऱ्या माणसांचे केस आणि नखं गेली. इथं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हा पट्टा फार लहान आहे. सगळ्या पंजाबची जमीन अशी नाही आणि सगळ्या पंजाबचा गहू असा नाही.

मग हवाईत १५ पीपीएम असून काही नाही, आणि पंजाबात ५ च्या आत असून खूर गळतात, हे कसं?

उत्तर आपल्या शेतकऱ्याला नवीन नाही. चुनखडीच्या जमिनीत सोयाबीन पिवळं पडतं, तेव्हा कृषी सहायक काय सांगतो? लोहाची कमतरता आहे, हिराकस फवारा. आता आपल्या काळ्या मातीत लोखंड कमी आहे का? मुळीच नाही. टनांनी आहे. पण ते अशा रूपात आहे की मुळाला उचलता येत नाही. म्हणून कार्डावर "एकूण" लोह लिहीत नाहीत, "उपलब्ध" लोह लिहितात. सेलेनियमचंही तसंच. फरक एवढाच की लोह उपलब्ध झालं नाही तर पीक आजारी, आणि सेलेनियम जास्त उपलब्ध झालं तर खाणारा आजारी.

चार रूपं

मातीत सेलेनियम मुख्यतः चार रूपांत असतं.

पहिलं सेलेनेट. हे युरियातून तयार होणाऱ्या नायट्रेटसारखं वागतं. पाण्यात विरघळतं, पाण्याबरोबर फिरतं, मातीला फारसं चिकटत नाही. हवा खेळणाऱ्या, वाफशावरच्या, सामू जास्त असलेल्या जमिनीत सेलेनियमला हे रूप मानवतं. पिकाच्या मुळाला ते आयतं मिळतं. गंधक ज्या वाटेनं मुळात शिरतो त्याच वाटेनं हेही शिरतं. चुलतभावंड म्हटलं ते याच्यासाठी. मुळाच्या दाराशी उभ्या पहारेकऱ्याला दोघांतला फरकच कळत नाही.

दुसरं सेलेनाइट. हे सुपर फॉस्फेटमधल्या स्फुरदासारखं. टाकलं तिथंच बसतं. चिकणमातीला आणि लोहाच्या ऑक्साइडला घट्ट धरून राहतं. तांबड्या, आम्लधर्मी जमिनीत लोह जास्त, म्हणून तिथं याची पकड पक्की. हवाईचं कोडं इथं सुटतं. तिथं सेलेनियम खूप आहे, पण लोहानं त्याला दाव्याला बांधून ठेवलं आहे.

तिसरं म्हणजे मूळ रूपातलं सेलेनियम आणि धातूंबरोबर जखडलेलं सेलेनाइड. भातखाचरासारख्या पाणी तुंबलेल्या, हवा नसलेल्या जमिनीत हे तयार होतं. पाण्यात विरघळत नाही, पिकाला जवळजवळ मिळत नाही.

चौथं सेंद्रिय. पिकानं उचललेलं सेलेनियम प्रथिनांत जाऊन बसतं. पालापाचोळा, धसकटं, शेण यांतून ते पुन्हा मातीत येतं. हळूहळू कुजलं की पुन्हा मोकळं होतं.

ही रूपं कायमची नाहीत. एकाच वावरात खरिपात भात आणि रब्बीत गहू घेतला, तर पाणी साचलेल्या खाचरात सेलेनेट मुकाट होऊन खालच्या रूपात जातं. पाणी हटून जमिनीला वाफसा आला की काही भाग पुन्हा सेलेनेटकडं वळतो. एकूण आकडा तोच राहतो, पण गव्हाच्या मुळाला मिळणारं सेलेनियम बदलतं.

चीनमधलं एन्शीचं उदाहरण याच कारणासाठी अभ्यासकांच्या तोंडी असतं. हूबेई प्रांतातल्या या भागात १९६१ ते १९६४ या काळात सगळ्यांत वाईट अवस्था झालेल्या पाच गावांत जवळजवळ निम्म्या लोकांना रोग जडला. केस गेले, नखं गेली. सेलेनियमचं मूळ तिथल्या दगडी कोळशात होतं. तो झिजून मातीत मिसळला. पण नुसतं मिसळून भागलं नसतं. तिथले शेतकरी शेतात चुना टाकत. चुन्यानं सामू वाढला आणि दाव्याला बांधलेलं सेलेनियम सुटलं. त्यातच दुष्काळानं भात बुडाला आणि लोकांना मका आणि भाजीपाल्यावर दिवस काढावे लागले, त्यांतच सेलेनियम जास्त. शेतकऱ्यानं चुना टाकला तो जमीन सुधारावी म्हणून. जमिनीत काय दडलं आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मोजतात कसं?

नुसतं एकूण सेलेनियम मोजायचं तर माती तीव्र आम्लात विरघळवतात आणि यंत्राला दाखवतात. इथंही सांभाळावं लागतं, कारण सेलेनियम उडून जाणारं द्रव्य आहे. माती भट्टीत तापवून राख केली तर बराचसा माल हवेत जातो आणि आकडा खोटा कमी येतो.

रूपं मोजायची म्हणजे काम वाढलं. खळ्यावर धान्य एकामागून एक वेगवेगळ्या चाळण्यांतून काढतात, तसंच इथं एकाच मातीला एकामागून एक वेगवेगळ्या द्रावणांत घुसळतात.

पहिली चाळणी साध्या पाण्याची किंवा पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणाची. यात जे सहज विरघळतं तेच येतं, मुख्यतः सेलेनेट. बहुतेक जमिनींत हा वाटा एकूणाच्या मानानं अगदी थोडा असतो. पण पिकाच्या दृष्टीनं खरा माल हाच.

दुसरी चाळणी फॉस्फेटच्या द्रावणाची. एसटीच्या सीटवर कुणी ऐसपैस बसलेला असावा आणि एखादा दांडगट येऊन त्याला उठवून स्वतः बसावा, तसं फॉस्फेट मातीवर बसलेल्या सेलेनाइटला उठवतं. उठलेलं सेलेनाइट द्रावणात येतं आणि मोजता येतं. हे आज लगेच पिकाला मिळत नसलं, तरी उद्या मिळू शकणारं सेलेनियम. बँकेतल्या मुदत ठेवीसारखं म्हणा.

तिसरी चाळणी कॉस्टिक सोड्याची. ही सेंद्रिय पदार्थ विरघळवते आणि त्यांतलं सेलेनियम बाहेर काढते. मूळ रूपातल्या सेलेनियमसाठी सोडियम सल्फाइटचं द्रावण वापरतात. शेवटी जे उरतं ते तीव्र आम्लात.

द्रावणात आलेलं सेलेनियम सेलेनेट की सेलेनाइट, हे ओळखायची एक जुनी आणि नामी युक्ती आहे. सोडियम बोरोहायड्राइड नावाचं रसायन घातलं की सेलेनाइटचा वायू होतो, आणि तो वायू यंत्रात मोजता येतो. सेलेनेटचा मात्र असा वायू होत नाही. ते ढिम्म बसून राहतं. म्हणून एका नमुन्याचे दोन भाग करतात. एक भाग तसाच मोजला की सेलेनाइट मिळालं. दुसरा भाग हायड्रोक्लोरिक आम्लात गरम केला की त्यातल्या सेलेनेटचंही सेलेनाइट होतं, आणि मग मोजलं की दोघांची बेरीज मिळते. बेरजेतून पहिला आकडा वजा केला की उरलं ते सेलेनेट. समजा पहिल्या मोजणीत ३० आले आणि दुसरीत ५०, तर सेलेनेट २०. चौथीच्या पोराची वजाबाकी. पण दोन्ही आकडे नीट आले तर. तापवताना जरा जास्त झालं आणि माल उडाला, की वजाबाकी कोसळली.

आता मोठ्या प्रयोगशाळांत याहून भारी यंत्रं आहेत. एका लांब नळीतून द्रावण सोडतात. वेगवेगळी रूपं वेगवेगळ्या वेळी नळीच्या टोकाशी पोचतात आणि तिथं आयसीपी-एमएस नावाचं यंत्र त्यांना एकेक करून मोजतं. हे यंत्र अणूच्या वजनावरून ओळख पटवतं. पण त्यालाही एक चकवा आहे. निसर्गात सगळ्यांत जास्त सापडणाऱ्या सेलेनियमच्या अणूचं वजन ८०. आणि यंत्र ज्या आरगॉन वायूवर चालतं त्याचे दोन अणू जोडीनं आले की त्यांचंही वजन ८०. वजनकाट्यावर सारख्याच वजनाची दोन पोती ठेवली, तर कापूस कुठला आणि सोयाबीन कुठलं हे काटा कसा सांगणार? म्हणून जाणकार तंत्रज्ञ एकतर ७८ किंवा ८२ वजनाचे अणू मोजतो, नाहीतर यंत्रात दुसरा वायू सोडून आरगॉनची ती जोडी फोडतो.

चूक वावरातच होते

पण खरी चूक यंत्रापाशी होण्याआधी बांधावर होते.

माती परीक्षणाचा नमुना घ्यायची पद्धत आपल्याला पाठ आहे. नागमोडी चालत जाऊन अर्ध्या फुटाचे खड्डे घ्यायचे, माती एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, अर्धा किलो उरली की सावलीत वाळवून पिशवीत भरायची. नत्र-स्फुरदासाठी हे ठीक. एकूण सेलेनियमसाठीही चालेल. पण रूपं मोजायची असतील तर ओल्या जमिनीची माती वाळवली की घोटाळाच. भातखाचराची माती चार दिवस वाऱ्यावर पसरली, की तिच्यात हवा शिरते आणि खालच्या रूपातलं सेलेनियम वरच्या रूपाकडं सरकतं. प्रयोगशाळा मोजते ती खाचराची नव्हे, अंगणात वाळलेली माती. म्हणून असा नमुना घट्ट झाकणाच्या डबीत गच्च भरून, बर्फाच्या पेटीतून लवकरात लवकर पोचवावा लागतो.

दुसरं म्हणजे, या चाळण्या काही शंभर टक्के चोख नसतात. फॉस्फेटबरोबर थोडं सेंद्रियही येतं. कॉस्टिक सोडा लोहाला चिकटलेलं सेलेनाइटही ओढतो. म्हणून चांगली प्रयोगशाळा दोन गोष्टी करते. एक, सगळ्या चाळण्यांतल्या आकड्यांची बेरीज एकूण सेलेनियमच्या वेगळ्या मोजणीशी ताडून पाहते. अडत्याच्या पट्टीत पोत्यांची बेरीज आणि एकूण वजन जुळावं लागतं, तसंच. दोन, ज्या मातीतलं सेलेनियम आधीच पक्कं माहीत आहे असा प्रमाणित नमुना आपल्या मातीबरोबर तपासून बघते. ही दोन कामं केली नसतील, तर कागदावर दशांश चिन्हानंतर तीन आकडे छापले म्हणून अहवाल खरा होत नाही.

रूप कळलं तर उपाय कळतो

कुणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? सेलेनियम आहे म्हटल्यावर आहे.

तसं नाही. उपाय रूपावर ठरतो. पंजाबात ढिल्लोंनी केलेल्या प्रयोगांत जमिनीला जिप्सम दिल्यावर गव्हातलं सेलेनियम लक्षणीय घटलं. का? जिप्सममध्ये गंधक आहे. मुळाच्या एकाच दाराशी गंधकाची गर्दी झाली की सेलेनेटला आत शिरायला जागा राहत नाही. जिप्सम आपल्या खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला नवा नाही, चोपण जमीन सुधारायला तो वापरतोच. पण ही मात्रा चालते ती सेलेनेटवर. जमिनीत सेलेनाइटच जास्त असेल, तर ते स्फुरदाच्या वाटेनं शिरतं, त्याला गंधकाच्या गर्दीचं काही नाही. अशा ठिकाणी केवळ एकूण आकडा बघून जिप्समच्या गाड्या ओतल्या तर पैसे मातीत जातील.

उलटं उदाहरण फिनलंडचं. तिथं माती आम्लधर्मी. सेलेनियम होतं, पण जखडलेलं. लोकांच्या अन्नात ते फारच कमी पडायचं. १९८४ मध्ये त्या सरकारनं ठरवलं की रासायनिक खतातच सेलेनियम मिसळायचं. मिसळलं ते सोडियम सेलेनेट, कारण सेलेनाइट टाकलं असतं तर त्यांच्या मातीनं ते बरंचसं धरून ठेवलं असतं. पुढं धान्यात किती चढतं ते मोजत मोजत त्यांनी खतातली मात्रा कमी-जास्त केली. म्हणजे रूप ओळखून काम करणाऱ्याला हेच द्रव्य औषध म्हणूनही वापरता येतं.

गहू धुऊन का भागलं नाही?

आता पुन्हा शेगावच्या गव्हाकडं येऊ. न धुतलेला १४.५२ आणि धुतलेला १३.६१. धुण्यानं शंभरातले जेमतेम सहा गेले. असं का? कारण हे सेलेनियम दाण्यावर बसलेली धूळ नव्हती. पंजाबच्या त्या पट्ट्यातल्या गव्हावर झालेल्या अभ्यासातून दिसलं आहे की दाण्यातलं बहुतेक सेलेनियम सेलेनोमेथिओनिन या सेंद्रिय रूपात असतं. गव्हाच्या प्रथिनात जिथं गंधक बसायचा, तिथं चुलतभाऊ जाऊन बसलेला. धुऊन, निवडून, चाळून तो निघत नाही. पोळी भाजली म्हणून तो सगळा उडूनही जात नाही. रूप कळलं म्हणून हे कळलं. नाहीतर "गहू धुऊन खा" असा सल्ला देऊन आपण मोकळे झालो असतो.

तर मग कार्डाचं काय?

त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर असं. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा गोष्टी असतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. सेलेनियम त्यात नाही. ते पिकाला लागतं असं नाही, आणि कार्ड बनलं ते पिकासाठी. खाणाऱ्यासाठी नव्हे.

आपली काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली. अशा अग्निजन्य खडकांत सेलेनियम सहसा थोडं असतं. तेव्हा वऱ्हाडातल्या प्रत्येक शेतकऱ्यानं घाबरून वावराची माती पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवायची गरज नाही. पण आपली माती चुनखडीची आहे, सामू जास्त आहे, आणि वर उन्हाळी वाफसा. म्हणजे बाहेरून गाळ, राख किंवा खत यांतून सेलेनियम आलंच, तर ते सेलेनेट होऊन पिकात चढायला इथं अनुकूल परिस्थिती आहे. हे विसरून चालायचं नाही.

मागायचं ते हे. जिथं माणसांचे केस-नखं किंवा गुरांचे खूर-केस जातात, तिथं आधी धान्य आणि चारा तपासा, कारण पोटात जातं ते धान्य. रेशनचा गहू गोदामात उतरतो तिथंच त्याचे नमुने घ्या. आणि धान्यात सेलेनियम सापडलं, तर ते ज्या जमिनीत पिकलं तिथली माती नुसती "एकूण" तपासून थांबू नका. पाण्यात विरघळणारं किती, फॉस्फेटनं सुटणारं किती, सेंद्रिय किती, हे वेगवेगळं लिहून द्या. त्या कागदावरून तिथल्या शेतकऱ्याला जिप्सम टाकायचं की पीक बदलायचं हे ठरवता येईल. तोही आपल्यासारखाच शेतकरी आहे, आणि त्या जमिनीतलं पहिलं धान्य त्याच्याच पोरांच्या ताटात जातं.

पारावरच्या त्या म्हाताऱ्यानं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कार्ड घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "म्हंजे आकडा इचारून नाही भागत. आकडा कशाचा हे इचारा लागते."

मला एवढा लेख लिहावा लागला. त्यानं दोन वाक्यांत सांगितलं.